मधाच्या टोपलीतून दिवाणखान्यात

१८१० साल संपत आलं होतं. सिल्हेटच्या मॅथ्यू रिचर्ड स्मिथ नावाच्या गृहस्थांनी कोलकात्याला विल्यम रॉक्सबर्गकडे मधाने भरलेलं एक भांडं पाठवलं. भांडं कसलं, वेत चिरून विणलेली चौकोनी, रुंद तोंडाची टोपलीच ती. तिकडे तिला तुरोंग म्हणत. जयंतियाच्या डोंगरातून मध खाली यायचा तो असल्या टोपल्यांतून. वेताच्या टोपलीत मध टिकतो कसा? तर टोपलीला आतून कुठल्याशा झाडाच्या चिकाचं अस्तर दिलेलं होतं. रॉक्सबर्ग तेव्हा हुगळीकाठच्या शिबपूर बागेचे प्रमुख. मध कसा आहे यापेक्षा हे अस्तर कशाचं आहे याचीच आपल्याला जास्त उत्सुकता होती, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. टोपली रिकामी करून त्यांनी अस्तर तपासलं, तर ते रबर निघालं. मग झाडाचा शोध घेतला, रोपं बागेत आणली आणि नाव दिलं फायकस इलॅस्टिका.

पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांत लिफ्टशेजारी, बँकेत टोकन यंत्राच्या बाजूला, दातांच्या डॉक्टरकडे सोफ्यामागे जे जाड, चकचकीत, काळपट हिरव्या पानांचं झाड उभं असतं, ते हेच. नवं पान उलगडण्याआधी शेंड्याला लालसर टोपी येते, पान मोकळं झालं की ती वाळून गळते. आपण त्याला ‘रबर प्लांट’ म्हणतो आणि सहा फुटांचं झालं की कौतुकाने फोटो काढतो. मेघालयात ते वडासारखं पसरतं, झाडावर चढतं, पारंब्या सोडतं. खासी आणि जयंतिया लोक त्याची कोवळी मुळं ओढ्याच्या पलीकडे ओढून नेतात, ती पलीकडच्या मातीत रुजवतात आणि पुढच्या पिढ्या त्यावरून ये-जा करतात. हे जिवंत मुळांचे पूल २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेले. रबरासाठी म्हणून ह्या झाडाचे मळेही आसामात लावले गेले होते. पण ब्राझीलचं हेविया आशियात रुजलं आणि त्या धंद्यात आपलं झाड मागे पडलं. त्यानंतर त्याला काम मिळालं ते शोभेचं.

ह्या गोष्टीत मराठी वाचकाच्या ओळखीचा एक माणूस आहे. रॉक्सबर्ग १८१३ मध्ये मायदेशी गेले आणि दोन वर्षांत वारले. त्यांची हस्तलिखितं छापली विल्यम कॅरी यांनी, श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात. (आपलं अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी असलेलं.) शिबपूर बागेतल्या झाडांची यादी ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ १८१४ मध्ये निघाली, मधाच्या टोपलीची हकीकत ज्यात आहे ती ‘फ्लोरा इंडिका’ १८३२ मध्ये पूर्ण छापून झाली. हेच ते कॅरी, ज्यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश काढला. म्हणजे ज्या वर्षी मधाची टोपली रॉक्सबर्गांकडे आली, त्याच वर्षी नदीच्या वरच्या अंगाला आपल्या भाषेचा कोश छापून होत होता. सह्याद्रीतला कुंभा शास्त्रीय नावाने ‘करेया’ आहे, तोही ह्याच कॅरींच्या नावावरून. नाव ठेवलं रॉक्सबर्गांनी.

कॅरींना झाडांचं वेड होतं. १८२० मध्ये त्यांनी कृषी आणि बागकामासाठी एक संस्था काढली. ती ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ इंडिया आज अलीपूर रोडवर आहे. पुण्यात एम्प्रेस गार्डन सांभाळणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही त्याच परंपरेतली, १८३० ची. पुणेकर जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जातात, तसे कोलकातेकर हिवाळ्यात अलीपूरला जातात. डेलिया, शेवंतीची गर्दी पुढे असते. मी सांगेन की थोडं मागे जाऊन पानांच्या झाडांकडे बघा.

आता प्रश्न असा, की डोंगरातलं झाड दिवाणखान्यात गेलं कसं? त्याचं उत्तर लंडनच्या धुरात आहे. नॅथॅनिअल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांना नेचे लावायची हौस होती, आणि कोळशाच्या धुराने त्यांचे नेचे मरत. १८२९ मध्ये बंद बाटलीत ठेवलेल्या ओल्या मातीत आपोआप उगवलेला नेचा त्यांना दिसला. बाटलीतली वाफ काचेवर थिजायची, परत मातीत उतरायची आणि वर्षानुवर्षं पाणी न घालता झाड जगायचं. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या केल्या. १८३३ मध्ये त्या जहाजाने सिडनीला गेल्या आणि आतली झाडं जिवंत पोचली. तोवर डेकवर ठेवलेली रोपं खाऱ्या वाऱ्याने आणि पाण्याच्या कमतरतेने वाटेतच संपत. १८३५ मध्ये डेव्हनशरच्या ड्यूकने जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला कोलकात्याला धाडलं. तो शिबपूरच्या बागेत तेव्हाचे प्रमुख वॉलिकसाहेब यांच्याकडे राहिला, त्याने खासी डोंगर पालथे घातले आणि १८३७ मध्ये ऑर्किडांसह पेट्या भरभरून परतला. बंगालमधलं झाड इंग्लंडच्या काचघरात, तिथून सरदारांच्या घरात, पुढे मध्यमवर्गीयाच्या बैठकीत, असा तो प्रवास.

तिथून पुढे जे झालं ते मला ह्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. झाड गेलं इथून, आणि ते कसं सांभाळावं याची शिकवण परत आली तिथून. आज कोलकात्यातली एखादी गृहिणी मोबाईलवर बघते: पानांवर रोज पाणी फवारा, कुंडीखाली ओल्या खड्यांची ताटली ठेवा, आर्द्रता वाढवायचं यंत्र घ्या. हा सल्ला ज्या घरासाठी आहे तिथे हिवाळ्यात हीटर चालू असतो आणि खोलीतली हवा पापडासारखी कोरडी असते. कोलकात्यात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली क्वचित उतरते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मीठ डब्यात गोळा होतं. अशा खोलीत पानांवर पाणी फवारणं म्हणजे पानांवर काळे डाग पडायला आमंत्रण. इंग्रजी पंचांग बंगालात चालत नाही हे इंग्रजांना लवकर कळलं होतं. फर्मिंजर नावाच्या पाद्र्याने १८६० च्या दशकात बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानासाठी म्हणून बागकामाचं वेगळं पुस्तक लिहिलं, ते कित्येक दशकं चाललं. आपण मात्र त्याच्या मागे गेलो आहोत.

तेव्हा कोलकात्यात झाड कसं घेतात आणि कसं जगवतात, ते कोलकात्यातच बघावं.

रविवारी सकाळी श्यामबाजारला मेट्रोतून उतरायचं आणि बागबाजारच्या कालव्याकडे चालत जायचं. गॅलिफ स्ट्रीट. एके काळी इथे ट्रामचा शेवटचा थांबा होता. आठवड्यातून एकदा इथे हौसेचा बाजार भरतो: मासे, कुत्र्याची पिल्लं, कबुतरं, आणि रस्त्याच्या कडेने लांबच लांब झाडं. पक्ष्यांच्या विक्रीवरून अधूनमधून वनखात्याचे छापेही पडतात. त्या भागाविषयी मला फार प्रेम नाही. झाडांचा भाग मात्र बघण्यासारखा. मराठी माणसाने इथे उभं राहून जरा इतिहास आठवायला हरकत नाही. ह्याच परिसरात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून आले, तेव्हा घाबरलेल्या कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला तो बागबाजारपासून. खंदक पुरा झाला नाही आणि मराठे कोलकात्यात आले नाहीत. पुढे तो बुजवत बुजवत त्यावर सर्क्युलर रोड झाला. बंगाली आया अजून पोरांना ‘बर्गी’ म्हणजे मराठे येतील म्हणून निजवतात, आणि बर्ग्यांचे वंशज त्या खंदकाच्या तोंडाशी क्रोटनच्या रोपासाठी घासाघीस करतात.

बंगाली माणूस क्रोटनला आणि एकूणच रंगीत पानांच्या झाडांना ‘पाताबाहार’ म्हणतो. बाजारात सगळं असतं. क्रोटन, अ‍ॅग्लोनिमा, डिफेनबाकिया, कॅलेडियम, फिलोडेंड्रॉन, सापाच्या कातडीसारख्या पट्ट्यांचं सॅन्सेव्हिएरिया, काळोखातही तग धरणारा ‘झीझी’. अलीकडे थायलंडहून आलेल्या गुलाबी-लाल अ‍ॅग्लोनिमांची चलती आहे. रोप हातात घेतलं की ते जड लागतं. कारण त्याच्या मुळाशी गंगामाटीचा घट्ट गोळा असतो, वर प्लॅस्टिक किंवा सुतळी गुंडाळलेली. नर्सरीवाल्यांना ही नदीची चिकण गाळमाती सोयीची: गोळा फुटत नाही, टेम्पोत दहा तास पाणी लागत नाही. पण घरी आणून तसाच गोळा कुंडीत बसवला की दोन महिन्यांत गडबड सुरू. गोळ्याच्या बाहेरची माती वाळलेली दिसते, म्हणून आपण पाणी घालतो. आतला गोळा मात्र ओलाच असतो, किंवा एकदा कडक वाळला की पाणी आतच शिरत नाही. दोन्ही प्रकारांत मुळं जातात आणि पानं पिवळी पडतात. मग आपण खत घालतो, म्हणजे आजारी माणसाला जेवणाचा आग्रह करण्याचाच प्रकार.

जुने माळी काय करतात ते बघा. गोळा बादलीभर पाण्यात तासभर ठेवतात. माती सुटायला लागली की अंगठ्याने हळूहळू मळून अर्धीअधिक काढून टाकतात. मुळं तोडत नाहीत, पण काळी, बोटात धरली की साल सुटणारी मुळं कात्रीने छाटतात. पांढरी, टणक मुळं ठेवतात. रबराच्या झाडाचा कुठलाही भाग कापला की पांढरा चीक गळतो. त्यावर राख किंवा ओलं फडकं दाबतात, आणि हात लगेच धुतात, कारण त्या चिकाने काहींच्या कातडीला खाज येते. कुंडीच्या तळाच्या भोकावर विटेचा तुकडा उलटा ठेवतात. बंगालच्या सपाटीवर दगड मिळत नाही, तिथे काँक्रीटलाही विटाच फोडतात. ती ‘खोवा’ म्हणजे विटेची खडी, कुंडीत फार कामाची. ती पाणी धरते आणि हवाही खेळती ठेवते. मग मिश्रण: एक भाग गंगामाटी, एक भाग ‘पाता पोचा सार’ म्हणजे पानांचं कुजलेलं खत, एक भाग विटेची बारीक खडी आणि नारळाच्या सालाचे तुकडे, मूठभर कोळसा. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉनसारख्या झाडावर चढणाऱ्यांना माती आणखी कमी. ह्या झाडांची मुळं रानात जमिनीत कमी आणि खोडाला चिकटून जास्त असतात. त्यांना चिखलात बसवणं चूकच.

खताची कथा वेगळी. कोलकात्यात ज्या गच्चीवर बाग आहे, तिथे कोपऱ्यात झाकलेली एक बादली असते. त्यात ‘शोर्षेर खोल’, मोहरीच्या तेलघाण्यातली पेंड, पाण्यात भिजत घातलेली. पाच-सात दिवसांनी झाकण उघडलं की शेजारी खिडकी लावून घेतात, इतका वास. तो द्राव दहापट-पंधरापट पाण्यात पातळ करून झाडांना घालतात. जिथे मासळीचं कालवण मोहरीशिवाय होत नाही, तिथे झाडांचंही तसंच. जोडीला शिंगांचा भुगा आणि हाडांची पूड, ह्या गोष्टी आपल्याकडे सहसा कुणी कुंडीत घालत नाही, इथे सर्रास घालतात. घरात, बंद खोलीत ठेवलेल्या पानांच्या झाडांना मात्र हे मोहरीचं पाणी मी सांगणार नाही. वास जाता जात नाही आणि चिलटं होतात. गांडूळखत पुरे. तेही मार्च ते सप्टेंबर. थंडीत झाड वाढत नसताना खत घालून काही साधत नाही.

आता उजेड. कोलकात्यातली निम्मी झाडं उजेडाअभावी मरतात, आणि मालकाला वाटतं पाणी कमी पडलं. दुपारी उघड्यावर प्रकाश लाख लक्सपर्यंत जातो. खिडकीला लागून तो काही हजारांवर येतो. खिडकीपासून तीन मीटर आत, सोफ्याच्या कोपऱ्यात, शे-दोनशे राहतो. आपले डोळे बाहुली मोठी करून जुळवून घेतात, त्यामुळे आपल्याला खोली उजळ वाटते. झाडाला ती सोय नाही. साधी परीक्षा अशी: दुपारी बाराच्या सुमारास झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर हाताचा पंजा धरा. सावलीच्या कडा रेखीव आल्या तर बहुतेक पानांची झाडं तिथे जगतील. सावली धूसर आली तर झीझी आणि सॅन्सेव्हिएरिया. सावलीच आली नाही तर तिथे दिवा ठेवा.

उत्तर कोलकात्याच्या जुन्या घरांना हे बिनपुस्तकाचं कळलं होतं. मध्ये चौक, भोवती व्हरांडे, खिडक्यांना हिरव्या ‘खडखड्या’, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या झडपा. पट्ट्या वरखाली करून उजेड आणि वारा हवा तसा घ्यायचा. झाडं खोलीत नव्हेत, ह्या चौकात आणि व्हरांड्यात. दक्षिणेची बाजू सर्वांत मोलाची, कारण उन्हाळ्यात संध्याकाळचा समुद्रवारा तिकडून येतो. जोडासांकोच्या ठाकूरवाड्यात गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ चित्रं काढायचे तो दक्षिणेचा व्हरांडा इतका प्रसिद्ध, की मोहनलाल गंगोपाध्यायांनी त्या नावाचं पुस्तकच लिहिलं. ‘घरातलं झाड’ ही बंद, थंड घरांची कल्पना. इथे घर आणि बाहेर यांच्या मधली जागा हीच झाडाची जागा.

पण सगळ्यांना दक्षिण कुठून मिळणार! बडाबाजाराच्या सोनापट्टीत आपल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली सोनं गाळणारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या खिडक्यांतून चहाचा कप देता येईल. भट्टीच्या उष्णतेत, वर्षभर ट्यूबलाइटच्या उजेडात काम. तिथेही खिडकीच्या गजाला बाटली टांगलेली आणि त्यात मनीप्लांट. अशा ठिकाणी मनीप्लांट का जगतो याला कारण आहे. तो मूळचा पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटाचा, आणि रानात जमिनीवरच्या अंधारातून सरपटत झाड शोधणं हाच त्याचा बालपणीचा धंदा. कमी उजेडात तो लहान पानं काढत दम धरून राहतो. आधार मिळून वर चढला की पानं परातीएवढी होतात, कडेला फाटतात. कोलकात्यातल्या बागांत आणि कोकणातल्या माडांवर ती बघून लोक ओळखतही नाहीत. त्याला फूल का येत नाही, हेही २०१६ मध्ये उलगडलं: जिबरेलिन नावाचं संप्रेरक बनवायचा त्याचा एक जनुक चालत नाही. जगभरचे मनीप्लांट कलमांवरच पसरले आहेत. तेव्हा चोरून आणलेलाच लागतो म्हणणाऱ्यांना तेवढा तरी आधार आहे: बी कुठेच मिळणार नाही.

पाण्याचं वेळापत्रक कुणालाच देऊ नये. दर रविवारी एक पेला, हा नियम मला सर्वांत घातक वाटतो. एप्रिलमध्ये कालबैशाखीच्या वादळांआधीच्या उकाड्यात बाल्कनीतली मातीची कुंडी रोज वाळते. ऑगस्टमध्ये तीच कुंडी दहा दिवस ओली राहते. जानेवारीत, पारा १३-१४ अंशांवर आला की आणखी जास्त. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर खालून वाहेपर्यंत घाला, नाहीतर हात धुऊन घरात जा. प्लॅस्टिकची कुंडी पावसाळ्यात शत्रू, उन्हाळ्यात मित्र. कॅलाथियाच्या पानांच्या कडा करपतात त्याला बहुतेक वेळा पाण्यातले क्षार आणि एसीचा थेट वारा जबाबदार असतो. शहराला पलताहून गाळलेलं गंगेचं पाणी येतं, ते त्या मानाने बरं. पण उपनगरांतल्या उंच इमारती कूपनलिकेवर, त्या पाण्याने कुंडीवर पांढरा थर धरतो. जून ते सप्टेंबर आभाळातून क्षार नसलेलं पाणी फुकट पडतं. ते भरून ठेवा, झाकण लावून.

झाकण का, ते कोलकातेकराला सांगावं लागत नाही. रोनाल्ड रॉसने १८९८ मध्ये पक्ष्यांच्या हिवतापाचा डासांतला प्रवास शोधला तो ह्याच शहरात, आज ‘एसएसकेएम’ म्हणतात त्या रुग्णालयाच्या आवारात. आता भय डेंग्यूचं. एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कुंडीखालची ताटली आणि मनीप्लांटची बाटली ही त्याची आवडती ठिकाणं. महापालिकेचे कर्मचारी घरात येऊन आधी तिथेच वाकून बघतात. पाणी नुसतं ओतून देऊन भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी टिकतात. आठवड्यातून एकदा घासायचं.

पावसाळ्यात दुसरा पाहुणा म्हणजे मोठी आफ्रिकन गोगलगाय. ती भारतात आली कुठून? १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंखप्रेमी साहेबांनी मॉरिशसहून आणली आणि चौरंगीच्या एका बागेत सोडली गेली. आता मुंबईच्या सोसायट्यांतही रात्री टॉर्च घेऊन ती वेचावी लागते. हातमोजे घालून वेचा. पिठ्या ढेकूण मात्र बाराही महिने. कापूस स्पिरिटात बुडवून पानाच्या बेचक्यात पुसला की पुरतं, सुरुवातीला लक्षात आलं तर.

ज्या कुळातली झाडं आज घराघरांत आहेत, त्या कुळाला आपण आणि बंगाली दोघेही शोभेपेक्षा पोटासाठी जास्त ओळखतो. मॉन्स्टेरा, मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, डिफेनबाकिया, अ‍ॅग्लोनिमा, अ‍ॅन्थुरियम हे सगळे अळू आणि सुरणाचे भाऊबंद. बंगाली घरात कचूची भाजी, कचूच्या कोवळ्या धावत्या खोडांची ‘लोती’, आणि खोबरं-मोहरीत वाटलेली ‘मानकचू’ ही ऐटीची ताटं. नर्सरीत ‘अ‍ॅलोकेशिया’ म्हणून महाग विकलं जाणारं झाड म्हणजे मानकचूचंच नातलग. अळूने घसा खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी. म्हणून आपण अळूच्या भाजीत चिंच घालतो. तेच स्फटिक डिफेनबाकियात आणि मॉन्स्टेरात आहेत, आणि त्यांना चिंच घालून कुणी शिजवत नाही. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारं मांजर असेल तर ही झाडं वर टांगा.

आणखी एक समजूत मोडायला हवी. दुकानात रोपासोबत ‘हवा शुद्ध करणारं’ अशी चिठ्ठी असते. तिचं मूळ १९८९ मधल्या नासाच्या प्रयोगात. तो झाला हवाबंद लहान पेट्यांत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी असे कित्येक प्रयोग पुन्हा तपासले आणि हिशोब मांडला: खिडकीतून नेहमी जितकी हवा बदलते तितकी शुद्धी झाडांनी करायची, तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. दोन खोल्यांत इतकी झाडं लावून माणसाने राहायचं कुठे? कोलकात्यात डिसेंबरमध्ये जो धुरकट पडदा असतो, त्यातले बारीक कण झाड शोषत नाही. ते पानावर बसतात. त्यामुळे हिवाळ्यात पंधरवड्याला पानं ओल्या मऊ फडक्याने पुसायची, वरून आणि खालून. तेल, दूध, बिअर लावून चमक आणायच्या युक्त्या सोडून द्या, छिद्रं बुजतात. झाड बघून बरं वाटतं, एवढं कारण पुरेसं आहे.

२०२० च्या टाळेबंदीत घरी अडकलेल्या शहरांनी पानांची झाडं हपापून घेतली. त्याच वर्षी २० मे रोजी कोलकात्यावर अम्फान चक्रीवादळ आलं. एका रात्रीत रस्त्यांवरची हजारो झाडं आडवी झाली. शिबपूरच्या बागेतलीही शेकडो पडली, आणि अडीचशे वर्षांच्या मोठ्या वडालाही मार बसला. त्या वडाचं मूळ खोड बुरशीमुळे १९२५ मध्येच काढून टाकलं होतं, तो नुसत्या पारंब्यांवर उभा आहे. गंमत म्हणजे हाच वड अमेरिकेत आणि युरोपात ‘ऑड्री’ नावाने कुंडीत विकतात, बैठकीच्या कोपऱ्यासाठी. नव्या खरेदीदारांना तेव्हा गंडवलंही बरंच गेलं. ‘पिंक काँगो’ नावाचं गुलाबी फिलोडेंड्रॉन जगभर चढ्या भावाने खपलं. रसायनाने आणलेला तो रंग काही महिन्यांत उतरला आणि पानं हिरवी यायला लागली. आपल्या हवेत वाढणारं, हिरवं, स्वस्त रोप घ्यावं, हे माझं मत त्यानंतर जास्तच पक्कं झालं.

कोलकात्याचा हा सल्ला मुंबई, कोकण, गोव्याला जवळपास तसाच लागू आहे. नागपूर, अकोल्याला मेमध्ये तो पाळू नका. तिथे ४५ अंशांच्या कोरड्या झळांत ताटलीतलं पाणी आणि पानांवरचा फवारा दोन्ही लागतील.

दिवाळीत झाड भेट द्यायचं असेल तर रबराचं द्या. कुंडी तेव्हा बदलू नका, फाल्गुनापर्यंत थांबा. फटाक्यांच्या धुरानंतर पानं एकदा पुसून घ्या. पूर्वेच्या खिडकीशी ठेवा, माती वाळल्यावरच पाणी द्या, डोईजड झालं की शेंडा छाटा. आणि छताला टेकलं म्हणून दया येऊन इमारतीच्या कुंपणालगत जमिनीत लावू नका. त्याची मुळं पाया आणि ड्रेनेजचे पाइप शोधत जातात.